पहिलं व्हिजिटिंग कार्ड छापताय? प्रेसमध्ये जाण्याआधी हे वाचा

आमच्या फ्रिजवर एक स्टीलचा डबा आहे. पूर्वी त्यात पापड असायचे, आता व्हिजिटिंग कार्डं असतात. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला बाथरूमचा नळ तुटला आणि पाणी काही थांबेना, तेव्हा मी तो डबा ओट्यावर पालथा केला. साठ-सत्तर कार्डं असतील. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर नुसतं एंटरप्रायजेस, सर्व्हिसेस, सोल्युशन्स असलं काहीतरी होतं, छान सोनेरी अक्षरांत, पण हा माणूस नेमकं करतो काय ते कुठेच नाही. एका कार्डावर प्लंबिंग लिहिलेलं सापडलं तर नंबर इतका बारीक आणि फिक्या करड्या रंगात की चष्मा लावून, मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तरी तो ३ आहे की ८ ते कळेना. शेवटी फोन लागला तो एका साध्या पांढऱ्या कार्डावरच्या माणसाला. वर मोठ्या अक्षरांत 'नळ, टाकी, बाथरूम लिकेज', खाली ठळक नंबर, बस. तो आला, काम झालं, आणि आता आमच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये तोच येतो.

मी पुण्यात डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी मजकूर कॉम्प्युटरवर मांडून द्यायचं काम करते, त्यामुळे नवीन धंदा सुरू करणारी माणसं पहिलं कार्ड करायला माझ्याकडे येतात, आणि प्रत्येकाला मी हेच सांगते की कार्ड हातात देतानाच्या क्षणासाठी ते करायचंच नाही, तेव्हा तुम्ही समोर उभे असता, तोंडाने सांगू शकता. कार्ड करायचं ते तीन-चार महिन्यांनंतरच्या त्या वेळेसाठी, जेव्हा ते कुणाच्यातरी खणातून, पाकिटातून किंवा अशा डब्यातून निघतं, तुमचा चेहरा त्या माणसाला आठवत नसतो आणि त्याला घाईने कुणीतरी हवं असतं. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवरून ठरतं, अक्षर केवढं, रंग कुठला, कागद कसा, सगळं.

आधी मॅटर, मग डिझाईन

कॉम्प्युटर उघडायचाच नाही. एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा: तुम्ही काय काम करता, तुमचं नाव, नंबर, आणि कुठल्या भागात. ह्याला आमच्यात मॅटर म्हणतात, आणि मॅटर पक्कं झाल्याशिवाय जो डिझाईन बघायला लागतो त्याचं कार्ड पाच वेळा बदलतं हे मी कितीदा तरी बघितलंय.

'काय काम करता' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि लोक सगळ्यात जास्त तीच बिघडवतात. आपल्याकडे एक जुनी सवय आहे, 'आमचे येथे लग्न, मुंज, बारसे, वाढदिवस व इतर सर्व शुभकार्यांच्या ऑर्डर्स योग्य दरात स्वीकारल्या जातील, एकवेळ सेवेची संधी द्या'. हे वाक्य हँडबिलात चालतं, तिथे जागा असते. कार्डावर त्याच्या तीन ओळी होतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात काहीच राहत नाही. त्यापेक्षा 'पुरणपोळी आणि उकडीचे मोदक, ऑर्डरप्रमाणे' असं लिहिलं तर ती बाई पुरणपोळीवाली म्हणून लक्षात राहते, आणि एकदा लक्षात राहिली की लोक आपणहून विचारतात, अहो तुम्ही चकल्या पण करता का. कामं दहा करत असाल तरी कार्डावर जी दोन-तीन कामं रोज चालतात तीच टाका.

धंद्याचं नाव आजीच्या किंवा कुलदैवताच्या नावावरून ठेवलं असेल तर छानच आहे, पण मग त्या नावाच्या लगेच खाली काम आलंच पाहिजे, आणि कामाचं अक्षर नावाच्या निम्म्यापेक्षा लहान नको. काम जर नावातच असेल, म्हणजे अमुक टेलर्स, तमुक सायकल मार्ट, तर मग सोपं जातं.

तुमचं स्वतःचं नाव पूर्ण टाका. 'प्रो. प्रा.' (प्रोप्रायटर, म्हणजे मालक) लिहायचं असेल तर लिहा, त्याने बिघडत नाही, पण फोन करणाऱ्याला 'हॅलो, कोण बोलतंय' असं विचारण्यापेक्षा 'सुनीताताई आहेत का' म्हणून सुरुवात करता आली की निम्मं काम तिथेच होतं.

नंबर एकच द्या. दोन दिले तर लोक पहिला लावतात, तो उचलला नाही तर दुसरा लावतातच असं नाही. जो नंबर तुम्ही स्वतः उचलता आणि ज्याच्यावर व्हॉट्सॲप आहे तोच. आणि तो सलग दहा आकडी लिहू नका, पाच-पाच आकड्यांत मधे जागा सोडून लिहा, आपण नंबर सांगताना साधारण तसाच श्वास घेतो आणि बघून डायल करणाऱ्याची चूकही कमी होते.

पत्ता दुकान असेल तर पूर्ण द्या आणि खूण नक्की द्या, 'दत्त मंदिरासमोरच्या बोळात' ह्या तीन शब्दांनी माणूस जितक्या लवकर पोचतो तितका सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर वाचून पोचत नाही. पण घरून काम करत असाल, आणि विशेष करून बाई एकटी घरात असेल, तर फ्लॅट नंबरसकट पत्ता छापू नका हे मी अगदी हात जोडून सांगते. भाग आणि गाव पुरे, 'कोथरूड, पुणे' एवढंच. ज्याला यायचंय तो फोन करेल, तेव्हा सांगायचं. कार्ड एकदा हातातून गेलं की कुठे फिरेल ते आपल्या हातात नसतं.

काय टाकायचं नाही तेही सांगते. जीएसटी नंबर कार्डावर लागत नाही, तो बिलावर आणि दुकानाच्या पाटीवर लागतो. त्या १५ अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे चक्क तुमचा पॅन नंबर असतो, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर तुमचा स्वतःचा पॅन, तो हजार लोकांना वाटायची काही गरज नाही. खाण्याच्या पदार्थांचं काम असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर मात्र खाली लहान अक्षरांत टाकायला हरकत नाही, पाकिटाच्या लेबलवर तो लागतोच आणि कार्डावर दिसला की नवीन गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

अशोकस्तंभाचं चित्र टाकू नका, कितीही भारदस्त दिसत असलं तरी, राजचिन्हाचा असा वापर करायला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. मेडिकल स्टोअर किंवा नर्सिंगचं काम असणारे पांढऱ्यावर लाल क्रॉस टाकतात, तोही टाकू नका, ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टप्रमाणे परवानगीशिवाय वापरता येत नाही. हिरवा किंवा निळा रंग घ्या, किंवा सरळ गोळीचं चित्र.

देवाच्या फोटोचं जरा वेगळं आहे. आपल्याकडे गणपतीशिवाय काही सुरू होत नाही हे खरंच, आणि वर मधोमध लहानसं 'श्री' मला स्वतःलाही आवडतं. पण फोटो नको असं मी म्हणते, कारण कार्ड शेवटी कुठेही पडतं, पायाखाली येतं, कचऱ्यात जातं, आणि ज्याच्या हातात ते येतं त्यालाही ते टाकताना चुकचुकतं. शिवाय जागा जाते. देव पाटीवर ठेवा, दुकानात ठेवा.

मराठी की इंग्रजी

गिऱ्हाईक कोण ते बघा. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवत असाल तर पूर्ण मराठी कार्ड करा, बिनधास्त. आयटीवाल्या सोसायट्यांमध्ये डबे देत असाल तर तिथे निम्मे लोक बाहेरच्या राज्यांतले असतात, मग एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, ह्याला प्रेसमध्ये बॅक टू बॅक म्हणतात. एकाच बाजूला दोन्ही भाषा कोंबल्या की दोन्ही बारीक होतात, ते करू नका. आकडे मात्र दोन्ही बाजूंना इंग्रजीच ठेवा असं माझं मत आहे. मराठी आकडे दिसायला फार सुंदर असतात, पण डायल करताना फोनवर इंग्रजी आकडे असतात, बाहेरून आलेल्या पोराला मराठीतला ९ ओळखता येतोच असं नाही, आणि नंबर चुकला तर कार्डाचा उपयोग काय.

साइज आणि मोकळी जागा

आपल्याकडचं नेहमीचं कार्ड म्हणजे साडेतीन इंच बाय दोन इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ८९ बाय ५१. काही प्रेसचा साइज मिलीमीटर-दोन मिलीमीटर इकडेतिकडे असतो, तेव्हा जिथे छापणार तिथे आधी फोन करून विचारा. गोल, पानाच्या आकाराचं, चौकोनी अशी कार्डं आकर्षक दिसतात पण ती पाकिटाच्या कप्प्यात बसत नाहीत, आणि जे पाकिटात बसत नाही ते घरी पोचत नाही. नेहमीचाच साइज घ्या.

आता दोन शब्द शिकून घ्या, ब्लीड आणि सेफ मार्जिन. कार्डं सुटी छापत नाहीत, मोठ्या शीटवर एकाशेजारी एक छापून मग गठ्ठा कटिंग मशीनखाली जातो, आणि पातं थोडं इकडेतिकडे होतंच. म्हणून बॅकग्राऊंडचा रंग चारही बाजूंनी ३ मिलीमीटर जास्त काढायचा, म्हणजे फाइल होते ९५ बाय ५७, नाहीतर कडेला पांढरी रेघ येते, हे झालं ब्लीड. आणि अक्षरं कडेपासून निदान ४ मिलीमीटर आत ठेवायची, नाहीतर नंबरचा शेवटचा आकडा कापला जाऊ शकतो, हे सेफ मार्जिन. कडेकडेने बारीक बॉर्डर काढायचा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा, कटिंग अर्धा मिलीमीटर हललं की बॉर्डर एका बाजूला जाड आणि एका बाजूला बारीक दिसते आणि सगळं कार्ड वाकडं वाटतं.

मांडणीचं फार शास्त्र सांगत नाही. सगळं डावीकडून सुरू करा किंवा सगळं मधोमध ठेवा, दोन्हीची भेसळ नको. आणि जागा रिकामी दिसली म्हणून तिथे फुलं, वेलबुट्टी, हात जोडलेली बाई असलं काही भरू नका. त्या रिकाम्या जागेमुळेच नंबर दिसतो. लोगो नसेल तर नसू दे. गूगलवरून उचललेला लोगो दुसऱ्या कुणाचातरी असतो आणि छापल्यावर फुटतोही, त्यापेक्षा धंद्याचं नाव चांगल्या अक्षरात लिहिलं की तोच लोगो.

अक्षर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मराठी कार्डं बिघडतात ती बहुतेक इथे, आणि ह्याच्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, आणि जोडाक्षर असेल तर एकाखाली एक अक्षर. त्यामुळे इंग्रजी जे ७ पॉईंटला वाचता येतं ते मराठीत ७ पॉईंटला नुसता काळा ठिपका दिसतो. पत्त्यासारखं बारीक मॅटरसुद्धा ९ पॉईंटच्या खाली नेऊ नका, नंबर १२-१३ ठेवा, कामाची ओळ त्याहून मोठी. दोन ओळींमध्येही इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मॅटर बसत नसेल तर अक्षर लहान करायचं नाही, मॅटर कमी करायचं.

फॉन्ट साधा आणि जाड घ्या. मुक्ता, बालू, हिंद, पॉपिन्स हे सगळे फुकट मिळतात, युनिकोड आहेत आणि छापल्यावर स्वच्छ दिसतात. एका कार्डावर एक फॉन्ट, फार तर दोन. आणि फॉन्टमधला ल आणि श एकदा नीट बघा. कितीतरी फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे असतात. मराठीतला ल पाकळ्यांचा आणि श गाठीचा, राज्य सरकारनेही २००९ मध्ये तीच वळणं प्रमाण म्हणून ठरवलीत. गिऱ्हाइकाला कदाचित सांगता येणार नाही काय खटकलं, पण खटकतं, परक्या गावचं कार्ड वाटतं.

आता माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगते. अमरावतीकडच्या एक वहिनी आमच्या भागात डबे सुरू करत होत्या, ठेचा, झुणका, पातोडी, असं सगळं. त्यांच्या कार्डावर वर मोठं 'वऱ्हाडी जेवण' असं होतं. मी फाइल केली, स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होती, आणि गडबडीत फॉन्ट कर्व्ह न करताच प्रेसला पाठवली. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकणं, मग ती कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसतात. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता, तिथे दुसरा कुठलातरी आपोआप लागला, आणि ऱ्ह ची जी लहानशी चंद्रकोरीसारखी खूण असते ती जाऊन ह च्या डोक्यावर रफार बसला. 'वर्हाडी'. तिथल्या मुलाने प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, पाठवलं नाही, मी मागितलं नाही. हजार कार्डं छापून आली. वहिनींनी कार्ड हातात घेतलं, अंगठा त्या अक्षरावरून फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, 'हे आमचं नाव नाही हो.' मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. माणूस गाव सोडून येतो, आपल्या गावाच्या चवीवर चार पैसे मिळवायला बघतो, आणि आपण त्याच्या गावाचं नावच चुकीचं छापतो. ती हजार मी माझ्या खर्चाने परत छापून दिली.

तेव्हापासून मी प्रत्येक कार्डात काही अक्षरं मुद्दाम शोधून बघते. ऱ्य आणि ऱ्ह, म्हणजे वऱ्हाडी, खऱ्या तुपातले, गोऱ्हे अशा शब्दांतले, टाइप करतानाच साधा र न घेता नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो. ॲ, म्हणजे ॲक्वा, ॲल्युमिनियम, तो बऱ्याच वेळा ऍ असा हिंदी वळणाने येतो. ज्ञ, क्ष, श्र, द्य, द्ध, ह्म हे तुटतात का. 'विद्या', 'सिद्धी', 'ब्रह्म' ही नावं आपल्याकडे दुकानांना किती असतात बघा, आणि तुटक छापलेल्या पाट्यासुद्धा किती दिसतात. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन चिकटली नाही ना तेही बघा, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमध्ये आणताना हे होऊ शकतं.

रंग

पांढऱ्या किंवा फिक्या पाठीवर गडद अक्षर. काळ्या पाठीवर सोनेरी अक्षर दिवसा दुकानात देखणं दिसतं, पण रात्री साडेनऊला ट्यूबलाइटखाली चकाकतं आणि वाचता येत नाही. गडद पाठ हवीच असेल तर ती मागच्या बाजूला, जिथे फक्त नाव असेल.

दुसरं, मोबाईलवर जो झगझगीत पोपटी किंवा निळा दिसतो तो कागदावर तसा येत नाही, कारण स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई चार शाईंनी, निळसर, गुलाबी, पिवळी, काळी, ह्यालाच सीएमवायके म्हणतात. फाइल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये केली तर नंतर धक्का बसत नाही. आणि बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाई मिसळून केलेला काळा बारीक अक्षराला वापरला आणि एखाद्या शाईची छपाईची प्लेट केसभर सरकली की अक्षराच्या कडेला गुलाबी-निळी सावली दिसते.

क्यूआर टाकायचा का

टाका, पण एकच, आणि कशासाठी ते आधी ठरवा. पैसे घ्यायचा यूपीआयचा क्यूआर कार्डावर नको, तो गल्ल्यावर असतो, कार्ड मिळालेल्या माणसाला लगेच पैसे द्यायचे नसतात. दुकान शोधायला अवघड असेल तर गूगल मॅपचा टाका. घरून ऑर्डर घेत असाल तर व्हॉट्सॲपचा, डब्ल्यूए डॉट मी च्या लिंकमध्ये ९१ आणि पुढे तुमचा नंबर, अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही. स्कॅन केला की थेट चॅट उघडतं, नंबर सेव्ह करावा लागत नाही.

क्यूआर किमान २ सेंटिमीटर चौकोन ठेवा, चारही बाजूंनी पांढरी जागा सोडा, गडद ठिपके आणि फिकी पाठ असंच ठेवा. नाव, पत्ता, ईमेल, चार नंबर असं सगळं एकाच क्यूआरमध्ये भरलं की ठिपके फार बारीक होतात आणि जुन्या फोनवर स्कॅनच होत नाही. आणि फुकट क्यूआर देणाऱ्या साइटवर जाताना नीट वाचा, त्यातले डायनॅमिक म्हणतात ते त्या कंपनीच्या लिंकवरून फिरून जातात आणि फुकटची मुदत संपली की बंद पडू शकतात, छापलेली कार्डं तुमच्या हातात तशीच. स्टॅटिक घ्या, त्याला मुदत नसते. क्यूआरच्या खाली 'ऑर्डरसाठी स्कॅन करा' एवढं लिहा, नुसता चौकोन बघून लोकांना वाटतं पैसे मागतोय.

कागद आणि लॅमिनेशन

३०० ते ३५० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, जास्त म्हणजे जाड) आर्ट कार्ड मागा, त्याच्या खाली गेलं की कार्ड लोंबतं. ग्लॉसपेक्षा मॅट लॅमिनेशन बरं, उजेडात चमकत नाही. व्हेल्व्हेट, स्पॉट यूव्ही, फॉइल हे सजावटीचे प्रकार नंतर करा, धंदा वर्षभर चालू दे मग.

पण लॅमिनेशन करण्याआधी एक विचार करा, तुमच्या कार्डावर पेनाने काही लिहावं लागतं का? टेलर असाल तर डिलिव्हरीची तारीख, एसी किंवा वॉटर फिल्टर दुरुस्त करत असाल तर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख, क्लास घेत असाल तर बॅचची वेळ. अशा धंद्यांनी कार्डाची मागची बाजू त्याच्यासाठीच ठेवावी, 'पुढची सर्व्हिसिंग' असं छापून पुढे रेघ. असं कार्ड कोणी टाकत नाही, फ्रिजवर लावतात, कारण त्यावर त्यांच्या कामाचं काहीतरी लिहिलेलं असतं. आणि मग लॅमिनेशन नको, त्यावर बॉलपेन घसरतं आणि शाई पुसते. फक्त एका बाजूला लॅमिनेशन करू म्हटलं तर कार्ड त्या बाजूला वळतं, पावसाळ्यात तर जास्तच, म्हणून असं कार्ड सरळ जाड, न चकाकणाऱ्या, बिनालॅमिनेशनच्या कागदावर घ्या.

फाइल, प्रूफ आणि मग छपाई

कोरल ड्रॉ हे डिझाईनचं सॉफ्टवेअर येत नसेल तर कॅन्व्हामध्ये केलं तरी चालतं, मोबाईलवर होतं. डाउनलोड करताना पीडीएफ प्रिंट निवडा, क्रॉप मार्क्स (कापायच्या खुणा) आणि ब्लीड चालू करा आणि फ्लॅटन करा, म्हणजे अक्षरं हलत नाहीत. फोटोची फाइल देणार असाल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे नेहमीच्या साइजला निदान १०५० बाय ६०० पिक्सेल, ब्लीड धरून त्याहून थोडी जास्त. प्रेसवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून गेला की तो दाबून लहान होतो आणि अक्षरं फाटतात.

पाठवण्याआधी घरी किंवा झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर कागदावर खऱ्या साइजला प्रिंट काढा, शंभर टक्के, 'फिट टू पेज' बंद करून. कात्रीने कापा. पाकिटात घालून बघा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या, रात्री, चष्मा असेल तर चष्म्यासकट, आणि विचारा, हा काय काम करतो आणि नंबर वाचून दाखवा. ते थोडं जरी अडखळले तरी अक्षर वाढवा. नंतर त्या प्रिंटवरूनच बघून नंबर डायल करा, पाठ आहे म्हणून पाठ डायल करू नका, तिथेच चूक लपते. क्यूआर त्याच प्रिंटवरून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करा.

प्रेसकडून प्रूफ मागाच, आणि 'ओके' लिहून पाठवण्याआधी दुसऱ्या कुणालातरी वाचायला द्या, ज्याने आधी ते बघितलेलं नाही.

पहिल्यांदा शंभर-दोनशेच डिजिटलवर, म्हणजे प्लेट न करता थेट फाइलवरून छापा. ऑफसेटला हजारांचा भाव ऐकला की तो इतका कमी वाटतो की सगळे हजारच घेतात, कारण ऑफसेटमध्ये खरा खर्च प्लेटचा आणि मशीन लावायचा असतो, नंतर कागद स्वस्तात पळतो. पण नवीन धंद्यात पहिल्या सहा महिन्यांत काहीतरी बदलतंच, नंबर बदलतो, गाळा बदलतो, आपण पुरणपोळी म्हणून सुरुवात करतो आणि लोक चकल्याच मागतात. शंभर वाटून बघा, फोन करणारे काय विचारतात ते ऐका, जो प्रश्न परत परत येतो त्याचं उत्तर कार्डावर टाका, मग हजार. आणि दिवाळीसाठी हवी असतील तर गणपतीच्या आधी फाइल पक्की करा, नंतर प्रेसमध्ये कॅलेंडरं, भेटकार्डं, खोके ह्याची एवढी गर्दी असते की प्रूफ नीट बघायला कुणालाच वेळ नसतो.

मुंबईकडचे असाल तर गिरगावात खाडिलकर रोडला एक चक्कर मारा, पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत, कागद हातात घेऊन बघता येतो. पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या पेठांमध्ये तसंच. ऑनलाइनही मागवता येतं, पण पहिलं कार्ड तरी समोर बसून करा, कागद बोटाला कसा लागतो ते स्क्रीनवर कळत नाही. प्रेसवाल्याकडून मूळ फाइल नक्की मागून घ्या, सीडीआर (कोरल ड्रॉची फाइल) आणि पीडीएफ दोन्ही, आणि स्वतःला ईमेल करून ठेवा. पुढच्या वर्षी त्याचा कॉम्प्युटर बिघडला तर तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायला नको.

आता छापून आल्यावर. गठ्ठ्याच्या वरचंच कार्ड बघून पैसे देऊ नका, मधली आणि तळाची चार-पाच काढा, एकावर एक ठेवून कडा जुळतात का बघा, रंग सारखा आहे का बघा, नंबर परत एकदा वाचा. ओली शाई वाटली तर एक दिवस पसरून ठेवा. आणि वाटायला लागलात की एकेका माणसाला दोन कार्डं द्या, एक त्याला आणि एक तो ज्याला सांगेल त्याला. वहिनींनी दुसऱ्या खेपेची कार्डं अशीच डब्याच्या झाकणाखाली दोन-दोन ठेवून दिली होती, आणि पहिल्या महिन्यात जी नवीन गिऱ्हाइकं आली ती त्या दुसऱ्या कार्डावरून आली असं त्या सांगतात.